लेबलावरची दुसरी ओळ

हरिश्चंद्र जनू तांडेल. नाव मुद्दाम पूर्ण लिहिलं आहे. कॉलेजात सगळे त्यांना नुसतं ‘तांडेल’ म्हणत. हजेरीपटावर ‘ह. ज. तांडेल, शिपाई’ एवढंच असे. आणि जिथे हे नाव पूर्ण लिहिलं जायला हवं होतं, तिथे ते कधी लिहिलं गेलं नाही. त्याला कारण मी आहे. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. तेवीस-चोवीस वर्षं झाली, आता सांगतो.

बोरिवलीच्या ज्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायला लागलो, तिथली प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर होती. उत्तरेच्या खिडकीखाली एक अरुंद टेबल होतं. त्यावर पाण्याची वाटी, लाल रंगाची बाटली, उंटाच्या केसांचा ब्रश, अर्धा बटाटा आणि पिवळ्या फलाणीच्या मऊ कापडात गुंडाळलेला एक वस्तरा. हे तांडेलांचं टेबल. तिथे दुसरं कोणी बसत नसे. बसायला मनाई नव्हती, पण बसलं की ते येऊन शेजारी उभे राहत आणि काही न बोलता उभेच राहत. माणूस आपोआप उठे.

झाडाचं पान, खोड किंवा मूळ आतून कसं रचलेलं असतं ते बघायचं, तर त्याचा कागदाहून पातळ आडवा काप घ्यावा लागतो. आम्ही त्याला सेक्शन म्हणतो. बटाट्याच्या चिरेत पान धरायचं, ओला वस्तरा स्वतःकडे ओढायचा आणि पाण्यात पडलेल्या कापांतून सर्वांत पातळ निवडून लाल रंगात बुडवायचा. सांगायला सोपं. मी एमएस्सी पहिल्या वर्गात झालो होतो, तरी माझे दहातले नऊ सेक्शन जाड यायचे. तांडेल जुन्या मॅट्रिकला दोनदा नापास झालेले. त्यांचा सेक्शन वर्तमानपत्रावर ठेवला तर खालची अक्षरं वाचता येत. ते खरंच वाचायचे. पहिला सेक्शन पडला की ओल्या ब्रशाने उचलून कालच्या पेपरवर ठेवत आणि वाकून म्हणत, “हां. ‘नगरपालिका’ दिसतंय. चालेल.”

ते गोराईचे कोळी. रोज सकाळी खाडी ओलांडून होडीने यायचे, पुढे बस. उंच, हाडांचे, कानात भिकबाळीचं भोक पण भिकबाळी नाही. वय पन्नाशीच्या आतबाहेर. कॉलेजात आमच्यासारखं बोलायचे, फक्त ‘नाही’चं ‘नाय’ व्हायचं. हात मात्र घरचेच. लहानपणापासून आईबरोबर मासे साफ करून बोटांना धार कळत होती. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर सात वेळा एका बाजूने, सात वेळा दुसऱ्या बाजूने. आठवी नाही.

त्यांची एक सवय सगळ्या कॉलेजला माहीत होती. सेक्शन मायक्रोस्कोपखाली लावायचा, काचेवरच्या नावाच्या चिठ्ठीवर अंगठा दाबून धरायचा आणि समोरच्याला म्हणायचं, “बघा आणि सांगा.” समोर कोणीही असो. एकदा प्राचार्य सहज डोकावले. ते इतिहासाचे. तांडेलांनी त्यांनाही स्टुलावर बसवलं.

“अहो, मला यातलं काय कळतंय?” प्राचार्य म्हणाले.

“कळायचं नंतर. दिसतंय काय ते सांगा.”

“गोल गोल घरं दिसतायत. वरती दोन-तीन रांगा दाट. खाली खळगे आहेत, खळग्यात केस.”

“झालं की. कण्हेरीचं पान. उन्हात उभं राहायचं म्हणून श्वासाची भोकं खळग्यात लपवलीत, वर केस लावलेत.” मग माझ्याकडे बघून, “सरांना परवा पाच मिनिटं लागली होती.”

प्राचार्य हसले. मीही हसलो. खरं तर परवा मला कण्हेर ओळखताच आली नव्हती. पाच मिनिटांनी त्यांनीच अंगठा काढून चिठ्ठी दाखवली होती. ते त्यांनी सांगितलं नाही. तांडेल कोणाची चूक चारचौघांत काढत नसत. हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि पुढे मी त्याचाच फायदा घेतला.

मुलांना ते तयार सेक्शन कधीच देत नसत. एका प्रॅक्टिकलला एक मुलगी रडायला लागली. सूर्यफुलाचं खोड, वीस काप झाले, एक धड नाही. तिच्या मैत्रिणी म्हणाल्या, “काका, एक द्या ना यार, कोणाला कळणारय?”

“कळणार कुणाला नाय,” तांडेल म्हणाले, “पण मग तिनं बघायचं काय? माझा हात?” मग तिच्यामागे उभे राहिले. “तू कापू नकोस. वस्तरा कापतो. तू नुसता ओढ. श्वास सोडत ओढ.” चौथ्या ओढीला काप आला. पुरा गोल नव्हता, एका बाजूने पातळ होत गेलेला. “बस. ही कड खरी आहे, तेवढीच बघ. जाड सेक्शन खोटं बोलतो. घरावर घर चढलेलं दिसतं आणि आपण तिसरंच काहीतरी काढून ठेवतो.”

‘जाड सेक्शन खोटं बोलतो’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी ते वर्गात माझंच म्हणून वापरत असे.

एकदा त्यांच्या घरी गेलो होतो. मी तेव्हा पीएचडीला नाव घातलं होतं. विषय तिवर. खाडीकाठच्या या झाडाच्या पानाची, खोडाची आणि मुळाची आतली रचना. तिवराचं मूळ म्हणजे नवल असतं. चिखलात हवा नसते म्हणून त्याच्या फांद्या जमिनीतून सरळ वर येतात, पेन्सिली रोवून ठेवाव्यात तशा, शेकड्यांनी. ओहोटीला तांडेल धोतर खोचून मांडीभर चिखलात शिरत आणि एकेक मूळ खालपर्यंत चाचपून, मोठ्या मुळाला जोडलेलं आहे याची खात्री करूनच कापत. मी काठावर बाटली धरून उभा. बूट खराब होतील म्हणून.

नंतर त्यांच्या अंगणात बसलो. काठ्यांवर बोंबील वाळत होते. जानकीबाईंनी भाकरी, कालवण आणि शेवग्याच्या शेंगांची भाजी वाढली. तांडेलांनी शेंगेचा तुकडा उचलला आणि तोंडात घालायच्या आधी तो आडवा धरून बघितला.

“बघा, सुरू झालं,” जानकीबाई म्हणाल्या. “सर, तुमी तरी सांगा यांना. पापलेटाची तुकडी पण अशीच धरून बसतात. जेवण थंड झालं तरी यांची परीक्षा संपत नाय.”

“पापलेटात काय नसतं बघण्यासारखं,” तांडेल शांतपणे म्हणाले. “मधी काटा, संपलं.”

“मग माझ्यात तरी काय होतं? लग्नाआधी तीन वेळा बघून गेलेले.”

“लेबल नव्हतं ना,” ते म्हणाले. जानकीबाईंनी ओचा सावरत कालवणाचा डाव त्यांच्यावर उगारला.

त्या दुपारी त्यांनी मला त्यांच्या मनातली गोष्ट सांगितली. आमच्या स्लाइडवर कागदाचं लेबल असे, दोन ओळींचं. पहिल्या ओळीत झाडाचं नाव आणि भाग. दुसऱ्या ओळीत ‘तयार करणार’, आणि पुढे नाव. सेक्शन कापला की तांडेल पेन्सिलीने चिठ्ठी लिहून काचेला चिकटवत: तिवर, खोड. किंवा तिवर, मूळ. मग आमच्यापैकी कोणीतरी त्यावरून शाईने पक्कं लेबल करी, छापील वळणाच्या अक्षरात. दुसऱ्या ओळीत ‘वनस्पतिशास्त्र विभाग’ असं जाई. कारण तांडेल हुद्द्याने शिपाई होते. शिपायाचं नाव लेबलावर जात नाही. लॅब असिस्टंटचं जातं.

जुने असिस्टंट जाऊन अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षं तांडेल तेच काम करत होते. आता ती जागा भरायची होती, आणि आमचे विभागप्रमुख रेगे सर ‘अनुभवाच्या आधारावर’ तांडेलांची शिफारस करणार होते. कागद तयार होता, सही व्हायची होती.

“पगाराचं नाय सर,” तांडेल म्हणाले. “आमचं भागतंय. पण कपाटात माझ्या हातच्या सहाशे स्लाइडी हायत. एकावर तरी नाव असावं. मी गेल्यावर कोणी उघडलं कपाट, तर कळावं ना, कोणी कापलं.”

मी म्हणालो, “होईल हो. नक्की होईल.”

चौऱ्याऐंशीच्या होळीला ते चार दिवस रजेवर गेले. कोळीवाड्यात शिमगा म्हणजे घरातलं कार्य. वर्षातून तेवढीच रजा. आणि नेमकं त्याच आठवड्यात माझ्या गाइडने मुळाचं प्रकरण मागितलं. मला आणखी मुळं हवी होती. थांबायला हवं होतं. मी एकटाच दहिसरच्या बाजूच्या खाडीवर गेलो. ओहोटी होती. आत शिरलो नाही. काठाजवळच्या चिखलातून सरळ उभ्या असलेल्या पेन्सिली दिसल्या, हात लांबवून त्यांतल्या आठ-दहा उपटल्या, तिथेच कापून तुकडे केले आणि फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकले. बाटलीवर लिहिलं, ‘तिवर, मूळ’.

तांडेल रजेवरून आले आणि सेक्शन घ्यायला बसले. मी पेपर तपासत होतो. वस्तऱ्याचा आवाज थांबला. बराच वेळ थांबला.

“सर, हा माल कुठला?”

“दहिसरचा. मी आणला.”

“बघा आणि सांगा.”

मी बघितलं. मुळात पाणी नेणाऱ्या नळ्या आणि रस नेणाऱ्या नळ्या वेगवेगळ्या जुड्यांत, एकाआड एक बसतात. खोडात त्या दोन्ही एकाच जुडीत असतात, रस बाहेर, पाणी आत. हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही पाठ असतं. इथे मुळात खोडासारख्या जुड्या दिसत होत्या. हवेत राहून राहून मूळ खोडासारखं झालं होतं. असं कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नव्हतं. मला वाटलं, हेच माझं प्रकरण.

“तांडेल, हे नवीन आहे.”

“नवीन नाय सर. हे खोड आहे.”

“मी स्वतः उपटलंय. चिखलातून वर आलेलं.”

“चिखलातून रोपटं पण वर येतं. त्या बाजूला तबेले आहेत. म्हशी सुटल्या की तिवराच्या रोपांचे शेंडे खातात. पानं नाय, शेंडा नाय, नुसती काडी उरते. लांबून मुळासारखीच दिसते.” त्यांनी काच किंचित सरकवली. “बारक्या नळ्या कुणीकडं आहेत बघा. सगळ्यात आधी झालेल्या. मुळात त्या बाहेरच्या अंगाला असतात. या आत आहेत. सवयीनं मूळ किती पण बदललं तरी हे बदलत नाय.”

“काही तुकडे असतील तसे.”

“दहा तुकडे होते. सातांत मूळ दिसतं. तीनांत खोड. तुम्हाला आवडलेत ते तीन.”

हे त्यांनी अगदी हळू सांगितलं. प्रयोगशाळेत आम्ही दोघेच होतो. तरीही मला राग आला. मॅट्रिक नापास माणूस मला मूळ आणि खोड शिकवत होता, आणि बरोबर शिकवत होता. त्यांनी तीन काचांवर पेन्सिलीच्या तीन चिठ्ठ्या लावल्या. ‘तिवर, खोड.’ ‘तिवर, खोड.’ ‘तिवर, खोड.’ मग वस्तरा पुसून फलाणीत गुंडाळला.

संध्याकाळी ते होडी गाठायला निघून गेल्यावर मी त्या चिठ्ठ्या ओल्या बोटाने सोडवल्या आणि शाईची लेबलं लावली. ‘तिवर, मूळ. तयार करणार: वनस्पतिशास्त्र विभाग.’ चिठ्ठ्या फेकायला हव्या होत्या. का कोण जाणे, शर्टाच्या खिशात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी तांडेलांनी कपाट उघडलं तेव्हा लेबलं बघितली असणार. त्या दिवसापासून माझ्यापुढे काच धरून ‘बघा आणि सांगा’ म्हणणं बंद झालं.

पुढच्या महिन्यात आमच्या विभागात छोटी सभा होती. पंधरा-वीस प्राध्यापक, आणि पाहुण्या म्हणून एक वयस्कर बाई. वनस्पतींच्या आतल्या रचनेबद्दल त्यांचा शब्द शेवटचा मानत. मी माझं नवं प्रकरण वाचलं. टाळ्या झाल्या. शेजारच्या टेबलावर तीन मायक्रोस्कोप लावले होते. बाई उठल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिल्या मायक्रोस्कोपला डोळा लावला.

तांडेल मागच्या भिंतीशी स्लाइडची पेटी धरून उभे होते. त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. शिफारशीच्या कागदावर रेगे सर सभेनंतर सही करणार होते, हे त्यांना माहीत होतं, मलाही.

बाई दुसऱ्या मायक्रोस्कोपकडे गेल्या. मग तिसऱ्या. मग पुन्हा पहिल्याकडे.

“इतका सुंदर हातचा सेक्शन मी बऱ्याच वर्षांत बघितला नाही,” त्या म्हणाल्या. “कोणी कापला?”

मी म्हणालो, “तांडेलांनी.”

“वा. पण हे मूळ नाही हो. खोड आहे. तिन्ही खोडंच आहेत.”

रेगे सरांचा चेहरा पडला. कॉलेजची सभा, बाहेरची माणसं. ते उठून आले, त्यांनीही डोळा लावला, आणि माझ्याकडे वळले. “मूळ कोणी लिहिलं यावर?”

तेव्हा मी एक वाक्य बोललो. “सर, आम्ही लेबलं तांडेलांच्या चिठ्ठ्यांवरून करतो.”

त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. आम्ही तसंच करत होतो. खोटं जे होतं ते माझ्या खिशात होतं. तोच शर्ट होता तो. सभेसाठी धुऊन आला होता. सकाळी घालताना मी चिठ्ठ्या पाकिटातून काढून परत खिशात ठेवल्या होत्या, म्हणजे कोणी विचारलं तर दाखवता येतील असं स्वतःला सांगून.

“तांडेल, इकडे या,” रेगे सर म्हणाले.

ते आले. पेटी टेबलावर ठेवली. वाकून बघायची गरज नव्हती, तरी त्यांनी बघितलं.

“सेक्शन तुमचा?”

“हो सर.”

“माल तुम्हीच आणता ना?”

तांडेल यावर बोलले नाहीत. माझ्याकडे बघितलं. रेगे सरांना वाटलं, ती कबुली.

“चिठ्ठी?”

“चिठ्ठी लावली होती सर. यांच्याकडं दिली.”

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. “काय लिहिलं होतं तिच्यावर?” रेगे सरांनी विचारलं.

तांडेल वाट बघत होते. रागाने नाही. एखादा मुलगा मायक्रोस्कोपला डोळा लावून बसला की ते जसे शेजारी उभे राहत, घाई नसल्यासारखे, तसे. माझा हात छातीपर्यंत गेला, आणि मी खिशातलं पेन सरळ केलं.

“बहुतेक मूळच लिहिलं असणार,” मी म्हणालो. “चिठ्ठ्या आता नाहीत माझ्याकडे.”

तांडेलांनी आणखी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग पेटी उचलली आणि मागच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले. बाई काहीतरी बोलल्या, की चूक कोणाचीही होते, सेक्शन मात्र उत्तम आहे. चहा आला.

सही झाली नाही. “अनुभवाच्या आधारावर म्हणत होतो मी,” रेगे सर नंतर मला म्हणाले. “हा अनुभव? मूळ-खोड कळत नाही? नशीब, परीक्षकाच्या हाती प्रबंध जाण्याआधी निघालं. तू वाचलास.” ते माझ्या बाजूने बोलत होते. मी मान हलवली.

आठवड्याने तांडेलांची बदली खाली झाली. गेट आणि घंटा. कपाटाची किल्ली द्यायला ते वर आले. पिवळ्या फलाणीतला वस्तरा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला, चामड्याचा पट्टा गुंडाळून त्याच्या शेजारी. मी म्हणालो, “तांडेल, त्या दिवशी मी…”

“मी थांबलो होतो सर,” ते म्हणाले. “तुम्ही बोलाल म्हणून. बराच थांबलो होतो.”

“तुम्ही का नाही बोललात?”

त्यांना प्रश्न कळलाच नाही असं वाटलं. “तुमची चिठ्ठी ती. मी कसा वाचणार?” एवढं बोलून ते गेले. ती चिठ्ठी त्यांची होती, पण वाचायचं काम माझं होतं. ते मला वर्षभर हेच शिकवत होते. चारचौघांत अंगठा त्यांनी स्वतःहून काढायचा नसतो, आधी समोरच्याने सांगायचं असतं.

मी ते प्रकरण प्रबंधातून काढलं. उरलेल्या प्रबंधातले सगळे सेक्शन तांडेलांनीच कापलेले होते. ‘ऋणनिर्देश’ या पानावर मी गाइडचे, रेगे सरांचे, आईवडिलांचे आणि ग्रंथपालांचे आभार मानले. पीएचडी झाली. जाता-येता गेटवर तांडेल दिसायचे. खाकी शर्ट, हातात घंटेचा हातोडा. “नमस्कार सर” म्हणायचे. आवाजात काही नसायचं. मी कधीकधी मागच्या फाटकाने जायला लागलो.

तीन वर्षांनी, वार्षिक प्रॅक्टिकलची परीक्षा. बाहेरून परीक्षक म्हणून त्याच बाई आल्या. त्यांनी आपल्याबरोबर एक बाटली आणली होती, आत बोटाएवढे तपकिरी तुकडे. कशाचे ते सांगितलं नाही. “याचा एक सेक्शन लावून ठेवा. मुलांना ओळखायला सांगू या.” नवा असिस्टंट पदवीधर होता, सज्जन होता. त्याने पंधरा काप घेतले. सगळे फाटले. मी घेतले. जाड. मुलं बाहेर ताटकळत होती.

बाई म्हणाल्या, “तुमच्याकडे ते गृहस्थ होते ना? ज्यांचा हात मी बघितला होता. त्यांना बोलवा की.”

रेगे सरांनी माझ्याकडे बघितलं. “जा, घेऊन ये.”

गेटवर तांडेल स्टुलावर बसले होते. मी सांगितलं. ते म्हणाले, “साडेदहाची घंटा आहे.”

“वीस मिनिटं आहेत.”

ते जिना चढले. तीन वर्षांत पहिल्यांदा. उत्तरेच्या खिडकीखालचं टेबल तसंच होतं, वर जुने पेपर रचलेले. त्यांनी ते उचलून खाली ठेवले. हात धुतले. वस्तरा मी कपाटातून काढून दिला. पट्ट्यावर सात वेळा एका बाजूने, सात वेळा दुसऱ्या बाजूने. बाई आणि रेगे सर चहाला ऑफिसात गेले होते, असिस्टंट मुलांचे नंबर लावत होता. तांडेलांनी बटाट्याच्या चिरेत तुकडा धरला, श्वास सोडला आणि ओढलं. चार काप पाण्यात पडले. एक उचलून त्यांनी वर्तमानपत्रावर ठेवला. यावेळी अक्षरं मोठ्याने वाचली नाहीत.

सेक्शन मायक्रोस्कोपखाली लावून ते बाजूला झाले. काचेवर चिठ्ठी नव्हतीच, तरी त्यांनी तिथे अंगठा ठेवला.

“बघा आणि सांगा.”

मी बसलो. डोळा लावला, आणि पहिल्यांदा काही दिसलंच नाही. मग हळूहळू जुड्या दिसायला लागल्या. पाण्याच्या वेगळ्या, रसाच्या वेगळ्या, एकाआड एक. बारक्या नळ्या बाहेरच्या अंगाला. मधे भरपूर भेंड, म्हणजे मऊ गाभा.

“मूळ,” मी म्हणालो. “वडाची पारंबी असावी. पण मूळ.”

“नक्की?”

“नक्की.”

“बहुतेक नाय ना?”

मी मान वर केली नाही. म्हणालो, “नाही. नक्की मूळ.”

त्यांनी अंगठा काढला. “मग लेबल तुम्हीच लिहा सर. चिठ्ठी मी लिहीत नाय आता. तुमचं अक्षर चांगलं आहे.”

वस्तरा पुसून फलाणीत गुंडाळला, टेबलाच्या मधोमध ठेवला आणि ते निघाले.

मी लेबल घेतलं. पहिल्या ओळीत लिहिलं, ‘अज्ञात नमुना’. परीक्षेत तेच लिहितात. दुसऱ्या ओळीशी पेन थांबलं. ‘तयार करणार’ यापुढे मोकळी जागा होती, एका पूर्ण नावाला पुरेल एवढी. खोलीत कोणी नव्हतं. कोणी मला अडवत नव्हतं. नाव लिहिलं असतं तर रेगे सरांनी विचारलं असतं, शिपायाचं नाव कसं काय. त्याचं उत्तर देताना बाकीचं सगळं आपोआप बाहेर आलं असतं. आणि तांडेलांना निवृत्त व्हायला अजून दीड वर्ष होतं. दीड वर्ष तरी ते परत या टेबलाशी बसले असते.

मी ‘वनस्पतिशास्त्र विभाग’ असं लिहिलं. छापील वळणाच्या अक्षरात.

मग खिडकीशी गेलो. तांडेल खालच्या मोकळ्या मैदानातून गेटकडे चालले होते. घाई नव्हती. मधेच थांबून त्यांनी उजव्या हाताचा अंगठा उन्हात धरून बघितला. त्यावर लाल रंग लागला होता. तो त्यांनी खाकी पँटला पुसला, गेटवर जाऊन घंटेचा हातोडा उचलला, मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि थांबून राहिले. साडेदहाला अजून मिनिटभर होतं. ते मिनिट त्यांनी हातोडा हातात धरून पुरं होऊ दिलं. मग घंटा दिली.